अपंग उमेदवारांना नोकरीची न्याय्य संधी: नेमणूक करणाऱ्या संस्थेने नेमके काय आणि कोणत्या क्रमाने बदलावे

हिशेबनिसाच्या पदासाठी निघालेल्या जाहिरातीत ‘वाहन चालवण्याचा परवाना आवश्यक’ असे एक वाक्य असते. प्रत्यक्षात ते काम दिवसभर संगणकासमोर बसून करायचे असते; क्वचित कधी दुसऱ्या शाखेत जावे लागते आणि तेव्हा भाड्याच्या गाडीनेही जाता येते. तरीही ते वाक्य एका जाहिरातीतून पुढच्या जाहिरातीत, कोणीही न तपासता, उतरत आलेले असते. अंध उमेदवार ते वाचून अर्जच करत नाही, अपस्माराचा त्रास असलेली व्यक्तीही मागे सरते, आणि संस्थेत मात्र ‘आमच्याकडे अपंग उमेदवार येतच नाहीत’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगितले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांपैकी एक व्यक्ती, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. इतका मोठा समाज ‘येतच नाही’ असे जेव्हा वाटते, तेव्हा तो कोणत्या दारावर अडतो हे शोधणे ही नेमणूक करणाऱ्याची जबाबदारी ठरते. बहुतेक अपंग उमेदवार मुलाखतीत नापास होण्याआधीच, जाहिरातीच्या अटींत, अर्जाच्या पानावर किंवा चाचणीच्या पद्धतीत गळतात. म्हणून या लेखातील पायऱ्या तिथूनच सुरू होतात. लहान कार्यालय असो वा हजारो कर्मचाऱ्यांचा कारखाना, क्रम हाच ठेवावा असे मी आग्रहाने सुचवेन, कारण दारे बंद ठेवून केलेली ‘विशेष भरती मोहीम’ उमेदवारांना केवळ आणखी एक नकार देते.

शब्दांविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अपंग, दिव्यांग, अपंगत्व असलेली व्यक्ती, कर्णबधिर, अल्पदृष्टी असे अनेक शब्द वापरात आहेत आणि त्यांविषयी त्या त्या व्यक्तींची मतेही वेगवेगळी आहेत. संस्थेच्या कागदपत्रांत आपल्या देशातील कायद्याचा शब्द वापरावा, आणि समोरच्या व्यक्तीशी बोलताना ती स्वतःसाठी जो शब्द वापरते तो वापरावा. शब्दाच्या भीतीने संवादच टाळणे हे अधिक वाईट.

पाया: समान वागणूक आणि वाजवी सोय

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याचे २७ वे कलम कामाच्या हक्काविषयी आहे, पण नेमणूक करणाऱ्याने आधी दुसरे कलम वाचावे, कारण त्यात ‘वाजवी सोय’ या संकल्पनेची व्याख्या आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून करावा लागणारा आवश्यक आणि योग्य बदल, जो संस्थेवर अवाजवी भार टाकत नाही, असा तिचा आशय आहे. अशी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे तेच कलम सांगते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘आम्ही सगळ्यांना एकच नियम लावतो’ हे उत्तर पुरेसे राहत नाही; छापील कागदावरील परीक्षा सर्वांना सारखीच दिली, तरी अंध उमेदवारासाठी ती परीक्षाच नसते.

वाजवी सोय आणि सुलभता यांतला फरकही ध्यानात ठेवावा. सुलभता म्हणजे कोणी मागण्याआधीच सर्वांसाठी करून ठेवलेली व्यवस्था, उदाहरणार्थ प्रवेशद्वाराचा उतार किंवा कळफलकाने भरता येणारा अर्ज. वाजवी सोय ही एका व्यक्तीच्या गरजेनुसार, तिच्याशी बोलून केली जाते. सुलभता जितकी चांगली, तितकी वैयक्तिक सोयींची मागणी कमी होते.

पायरी पहिली: पदाचे काम नव्याने लिहा

पदाचे जुने वर्णन समोर घ्या आणि त्यातील प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारा. ही अट काढली तर पदाचा मूळ हेतू कोसळतो का? हे काम आठवड्यातून किती वेळा करावे लागते? आणि त्याचा परिणाम दुसऱ्या मार्गाने साधता येतो का? हे प्रश्न मनुष्यबळ विभागाने एकट्याने सोडवू नयेत. ते काम आज प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला सोबत घ्यावे, कारण कागदावरचे काम आणि टेबलावरचे काम यांत नेहमीच अंतर असते.

अटी लिहिताना पद्धत न लिहिता परिणाम लिहावा. ‘दूरध्वनीवर उत्तम संवादकौशल्य’ असे लिहिण्याऐवजी ‘ग्राहकाच्या शंकेचे त्याच दिवशी निरसन करणे’ असे लिहिले, तर लेखी संवादातून तेच काम उत्तम करणारी कर्णबधिर किंवा तोतरेपणा असलेली व्यक्ती अर्ज करू शकते. कार्यालयीन पदाच्या वर्णनात ‘२० किलो वजन उचलता यावे’, ‘बहिर्मुख स्वभाव’, ‘सतत दबावाखाली काम करण्याची तयारी’ अशी वाक्ये आढळली, तर त्यांचा हेतू विचारावा आणि तो सांगता आला नाही तर ती काढून टाकावीत. काही अटी मात्र खरोखरच मूलभूत असतात. बस चालवणाऱ्याला पुरेशी दृष्टी हवीच, आणि असे असेल तेव्हा ते स्पष्ट लिहावे.

पायरी दुसरी: जाहिरात आणि अर्ज

आपल्याच संस्थेचा ऑनलाइन अर्ज माउस बाजूला ठेवून, केवळ कळफलक वापरून भरून पाहा. जिथे आपण अडकाल तिथे स्क्रीन रीडर वापरणारा अंध उमेदवार आणि हातांची हालचाल मर्यादित असलेला उमेदवारही अडकतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी किंवा ब्रेलमध्ये उमटवणारी प्रणाली. ‘एनव्हीडीए’ ही त्यांपैकी एक विनामूल्य मिळते, त्यामुळे चाचणीसाठी पैसे नाहीत ही सबब टिकत नाही. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: रकान्यांना नाव दिलेले नसते, त्यामुळे कोठे काय भरायचे ते ऐकू येत नाही, वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची चित्रकोडी असतात आणि त्यांना पर्याय नसतो, ठरावीक मिनिटांनंतर अर्ज आपोआप पुसला जातो, पदाची माहिती छायाचित्रासारख्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असते, जी स्क्रीन रीडरला कोऱ्या पानासारखी असते. आंतरराष्ट्रीय वेब सुलभता निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. अर्जाचे पान बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात तिचा मधला, म्हणजे ‘डबल ए’ स्तर बंधनकारक करावा. याच स्तरावर साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचा फरक किमान ४.५ : १ असावा लागतो. फिकट करड्या रंगातील सूचना या निकषावर बहुधा नापास होतात.

संपर्काचा मार्ग एकच ठेवू नका. केवळ दूरध्वनी क्रमांक दिला तर कर्णबधिर उमेदवार बाहेर राहतो. दूरध्वनी, ईमेल आणि लघुसंदेश हे तिन्ही मार्ग द्यावेत आणि त्यांना उत्तर देणारी व्यक्ती खरोखर नेमलेली असावी.

‘अपंग उमेदवारांचे स्वागत आहे’ या सर्वसाधारण वाक्यापेक्षा नेमके वाक्य अधिक विश्वास देते. ‘लेखी चाचणी ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत किंवा संगणकावर घेता येईल, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था संस्थेच्या खर्चाने होईल, कार्यालय तळमजल्यावर असून स्वच्छतागृह व्हीलचेअरने वापरता येते’ असे लिहिले की वाचणाऱ्याला कळते की इथे कोणीतरी आधी विचार केलेला आहे. जे खरे नाही ते मात्र लिहू नका. जाहिरात अपंग व्यक्तींच्या संघटना, विशेष शाळांतील माजी विद्यार्थ्यांचे गट आणि व्यवसाय प्रशिक्षण केंद्रांपर्यंत पोहोचवा, पण आधी वरच्या दुरुस्त्या पूर्ण करा.

अर्जांची पहिली चाळणी सॉफ्टवेअर करत असेल तर त्याचे निकष मागवून घ्या. शिक्षण किंवा नोकरीतील खंड दिसताच अर्ज मागे टाकणारी चाळणी, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचार घेतलेल्या माणसाला नकळत शिक्षा करते. चित्रमुद्रित मुलाखतीतील चेहऱ्याचे हावभाव, नजर किंवा बोलण्याचा वेग यांना गुण देणाऱ्या प्रणालींचा उपयोग करूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वमग्न, अंध, पक्षाघातातून सावरलेली किंवा तोतरेपणा असलेली व्यक्ती तिथे कौशल्यावर मोजली जात नाही.

पायरी तिसरी: चाचणी आणि मुलाखत

मुलाखतीचे पत्र पाठवताना प्रत्येक उमेदवाराला, अपवाद न करता, एकच प्रश्न विचारावा: ‘निवड प्रक्रियेत पूर्णपणे सहभागी होण्यासाठी आपल्याला कोणती सोय लागेल?’ या प्रश्नात आजाराचे नाव, टक्केवारी किंवा प्रमाणपत्र यांचा उल्लेख नसतो. सर्वांना विचारल्यामुळे कोणी वेगळे पडत नाही, आणि ज्यांचे अपंगत्व दिसत नाही त्यांनाही बोलायला जागा मिळते.

मुलाखतीत काय विचारू नये याविषयी काही देशांचे कायदे स्पष्ट आहेत. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्वविषयक कायदा नोकरीचा प्रस्ताव देण्याआधी अपंगत्वाविषयी चौकशी करण्यास मनाई करतो, आणि ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातील ६० वे कलमही, काही मोजके अपवाद सोडून, प्रस्तावाआधी आरोग्याविषयीचे प्रश्न विचारू देत नाही. आपल्या देशात असा नियम असो वा नसो, ही शिस्त पाळण्यासारखी आहे. ‘हे कसे झाले?’, ‘जन्मापासून आहे का?’, ‘घरून कोण सोडायला येणार?’ या प्रश्नांचा कामाशी संबंध नसतो. विचारता येणारा प्रश्न कामाविषयीचा असतो: ‘या पदावर रोज साधारण दोनशे नोंदी तपासाव्या लागतात, आपण हे काम कोणत्या पद्धतीने कराल?’ आणि हा प्रश्न सर्व उमेदवारांना सारखाच विचारावा.

प्रश्नांची यादी आधीच ठरवून, प्रत्येक उत्तराला लगेच आणि स्वतंत्रपणे गुण देणारी मुलाखत ही गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पूर्वग्रहांना कमी वाव देते. त्याहूनही उपयुक्त म्हणजे कामाचा नमुना. लेखापालाला अर्धा तास ताळेबंद तपासायला द्यावा, जोडणी करणाऱ्याला सुटे भाग जोडायला द्यावेत. नजरेला नजर न भिडवणारा उमेदवार अशा वेळी आपल्या हाताने बोलतो. वेग ही पदाची खरी गरज नसेल तर चाचणीची वेळ वाढवून द्यावी, आणि ती गरज असेल तर तसे आधी कळवावे.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. सांकेतिक भाषा जगभर एकच नसते. देशोदेशी तिचे व्याकरण आणि शब्दसंपदा वेगळी असते, म्हणून उमेदवार कोणती भाषा वापरतो हे आधी विचारावे. दुभाषी उमेदवाराच्या घरचा माणूस नसावा, कारण तो भावनिकदृष्ट्या गुंतलेला असतो. प्रश्नांचा विषय आणि विशेष संज्ञा दुभाष्याला एक-दोन दिवस आधी द्याव्यात. मुलाखत लांबणार असेल तर आळीपाळीने काम करण्यासाठी दोन दुभाषी ठेवावेत. बोलताना नजर उमेदवाराकडे असावी आणि ‘त्यांना विचारा’ असे न म्हणता थेट उमेदवारालाच विचारावे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, अनेक कर्णबधिर व्यक्तींची पहिली भाषा सांकेतिक असते आणि लिहिण्याची भाषा दुसरी. त्यामुळे अर्जातील विभक्तीप्रत्ययांच्या चुका पाहून बुद्धीविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होते.

पायरी चौथी: वाजवी सोयीची पद्धत बसवा

निवड झाल्यावर सर्वांत जास्त बिघाड इथे होतो, आणि त्याचे कारण बहुतेकदा दुष्टपणा नसून पद्धतीचा अभाव असते. नव्या कर्मचाऱ्याला कोणाकडे मागावे ते कळत नाही, विभागप्रमुखाला मंजुरीचा अधिकार आहे का ते माहीत नसते, आणि एक साधे सॉफ्टवेअर बसवायला तीन महिने जातात. तेवढ्यात परिवीक्षेचा काळ संपतो आणि ‘काम समाधानकारक नाही’ असा शेरा लागतो.

म्हणून पद्धत लेखी असावी. मागणी कोणत्याही शब्दांत, तोंडी किंवा लेखी, आली तरी ती ग्राह्य धरावी; ‘वाजवी सोय’ हा शब्द उच्चारण्याची अट नसावी. एका ठरावीक व्यक्तीने ठरावीक दिवसांत कर्मचाऱ्याशी बसून बोलावे आणि कामातला नेमका कोणता भाग अडतो हे समजून घ्यावे. उपाय ठरवताना पहिला शब्द कर्मचाऱ्याचा असावा, कारण त्या अडचणीसह तो आयुष्यभर वाट काढत आलेला असतो. उपाय काही आठवडे वापरून पाहावा, जमला नाही तर बदलावा, आणि निर्णय लेखी द्यावा. नाकारायचे असल्यास कारण आणि पर्याय दोन्ही लिहावेत. दिसणाऱ्या गोष्टीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू नये. जिथे खरोखर लागेल तिथेही निदान न विचारता कामावर होणारा परिणामच विचारावा.

खर्चाची भीती वास्तवापेक्षा मोठी असते. अमेरिकेत १९८३ पासून मालकांना याविषयी सल्ला देणाऱ्या जॉब अकोमोडेशन नेटवर्कच्या पाहण्यांत सुमारे निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नाही असे मालकांनीच सांगितले आहे. कामाची वेळ तासभर पुढे सरकवणे, तोंडी सूचना लिहून देणे, गोंगाटापासून दूर जागा देणे, दोन सहकाऱ्यांमधील किरकोळ कामांची अदलाबदल करणे, औषधाच्या वेळेला विश्रांती देणे, बैठकीत थेट उपशीर्षके चालू ठेवणे, यांना पैसे क्वचितच लागतात.

ज्यांना पैसे लागतात त्यांच्यासाठी माझा सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा आहे की हा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकातून करू नये, संस्थेच्या मध्यवर्ती निधीतून करावा. खर्च विभागावर पडला की विभागप्रमुखाच्या मनात अपंग उमेदवार म्हणजे आपल्या तरतुदीतील वजाबाकी असे समीकरण तयार होते आणि ते निवडीच्या वेळीच काम करू लागते. शिवाय ‘अवाजवी भार’ ठरवतानाही संपूर्ण संस्थेची ऐपत पाहायची असते.

कर्मचाऱ्याच्या अपंगत्वाची माहिती त्याच्या संमतीशिवाय सहकाऱ्यांना देऊ नये. ‘हिला वेगळी वेळ का?’ असे कोणी विचारले, तर ‘प्रत्येकाच्या कामाच्या व्यवस्थेविषयी आम्ही त्या त्या व्यक्तीशीच बोलतो’ एवढे उत्तर पुरते.

पायरी पाचवी: जागा

इमारतीचा विषय तज्ज्ञांकडून मोजून घेण्याचा आहे, पण काही मापे लक्षात ठेवावीत. उताराचे प्रमाण १ : १२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे ६० सेंटिमीटर उंचीसाठी ७.२ मीटर लांबी लागते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर ठेवावी आणि व्हीलचेअर वळवण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा असावी. सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आगीच्या वेळची सुटका. उद्वाहन बंद पडल्यावर व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती खाली कशी येईल आणि भोंगा ऐकू न येणाऱ्याला कसे कळेल, याची व्यक्तिनिहाय लेखी योजना पहिल्याच दिवशी करावी आणि सरावात तिची चाचणी घ्यावी.

पायरी सहावी: रुजू झाल्यानंतरचे दिवस, वेतन आणि बढती

बौद्धिक अक्षमता किंवा दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत जुनी समजूत अशी होती की आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण द्यावे आणि तयारी झाली की नोकरी शोधावी. ही तयारी बहुतेकांच्या आयुष्यात संपतच नसे. समर्थित रोजगाराची पद्धत हा क्रम उलटा करते: आधी खऱ्या पगाराची नोकरी, आणि मग त्याच जागी, त्याच यंत्रावर प्रशिक्षण. तिथे कार्यसहायक सुरुवातीला पूर्णवेळ सोबत राहतो, कामाचे लहान टप्पे पाडतो, चित्रांच्या किंवा रंगांच्या खुणा लावतो आणि हळूहळू मागे सरतो. संस्थेने या सहायकाला परका माणूस समजू नये आणि तो निघून गेल्यावर कोणाला विचारायचे तो सहकारीही आधीच ठरवावा.

वेतनात तडजोड नसावी. अमेरिकेच्या १९३८ च्या श्रम कायद्यात विशेष परवाना घेऊन अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची मुभा ठेवण्यात आली, आणि अशा तरतुदींनी वेगळ्या बंदिस्त कार्यशाळांची व्यवस्था पोसली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२२ मधील आपल्या आठव्या सर्वसाधारण टिप्पणीत, अशा वेगळ्या ठेवलेल्या रोजगाराला कामाच्या हक्काची पूर्तता मानता येणार नाही, अशी भूमिका घेतली आहे.

बढतीकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. अनेक संस्था अपंग कर्मचाऱ्याला एका ‘सुरक्षित’ टेबलावर बसवतात आणि दहा वर्षांनीही तो तिथेच असतो. अवघड काम न देणे ही काळजी वाटते, पण पुढच्या पदासाठी अनुभव त्या अवघड कामातूनच मिळतो. प्रशिक्षणाचे साहित्य, प्रवासाची कामे आणि नेतृत्वाच्या तात्पुरत्या जबाबदाऱ्या कोणाला मिळाल्या याची नोंद दरवर्षी तपासावी.

आकडे: राखीव जागा आणि त्यांच्या मर्यादा

जर्मनीत किमान २० जागा असलेल्या आस्थापनांना ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तींना द्याव्या लागतात, अन्यथा शुल्क भरावे लागते. फ्रान्समध्ये हे प्रमाण ६ टक्के आहे. जपानने खासगी आस्थापनांसाठीचे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये २.५ टक्क्यांवर नेले. भारताच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व मानले असून शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. अशा विशेष उपायांना इतर कामगारांविरुद्धचा भेदभाव मानू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८३ च्या १५९ क्रमांकाच्या करारातच म्हटले आहे.

राखीव जागा आवश्यक आहेत असेच मला वाटते, पण आकडा हेच ध्येय झाले की तो फुगतो. जपानमध्ये २०१८ साली केंद्रीय मंत्रालयांनीच अपंग कर्मचाऱ्यांची संख्या वाढवून दाखवल्याचे उघड झाले होते. म्हणून नुसती नेमणुकांची संख्या न ठेवता आणखी चार गोष्टी मोजाव्यात: किती जणांनी अर्ज केला, किती जण प्रत्येक टप्प्यावर गळले, सोयीच्या मागणीला उत्तर मिळायला किती दिवस लागले, आणि दोन वर्षांनी किती जण टिकून आहेत. ही माहिती ऐच्छिक असावी आणि निवड समितीपासून वेगळी ठेवावी.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर

अपघात, पक्षाघात, मधुमेहाने गेलेली दृष्टी, वाढता संधिवात यांमुळे अनेकांना अपंगत्व नोकरीच्या काळातच येते. अशा वेळी वर्षानुवर्षांचा अनुभव असलेला माणूस सहानुभूतीच्या चार शब्दांसह राजीनाम्याकडे ढकलला जातो. भारताच्या २०१६ च्या कायद्यातील २० वे कलम शासकीय आस्थापनांना हे करू देत नाही: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, तो आधीचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद निर्माण करावे लागते. कायद्याची सक्ती नसलेल्या संस्थांनीही हाच क्रम आपल्या नियमांत लिहून घ्यावा.

प्रत्यक्षात याची सुरुवात रजेच्या काळातच करावी लागते. कर्मचाऱ्याची इच्छा विचारून, पंधरा दिवसांतून एकदा एकाच ओळखीच्या व्यक्तीने संपर्क ठेवावा आणि त्या संभाषणात परत येण्याची तारीख मागू नये. परतण्याआधी त्याला एकदा कार्यालयात बोलावून टेबल, स्वच्छतागृह, येण्याजाण्याचा मार्ग आणि संगणक प्रत्यक्ष वापरून पाहू द्यावे. पहिले काही आठवडे कामाचे तास कमी ठेवून ते टप्प्याटप्प्याने वाढवावेत, त्या काळातील कामगिरी वार्षिक मूल्यमापनात धरू नये, आणि हे सगळे ठरलेले त्याच्या हाती लेखी द्यावे.